उत्तरेला फुटलेलं तांबडं

तांबडं फुटतं ते पहाटे आणि पूर्वेला. १० मे २०२४च्या मध्यरात्रीनंतर लडाखमधल्या हानले इथे मात्र ते उत्तरेच्या अंगाला फुटलं. दिवस अक्षय्य तृतीयेचा. तृतीयेची कोर केव्हाच मावळलेली, सूर्योदयाला अजून कितीतरी अवकाश. आणि तिथल्या भारतीय खगोलीय वेधशाळेतला, सगळं आकाश एका चौकटीत घेणारा कॅमेरा क्षितिजावरचा तांबूस उजेड टिपत होता.

हा अरोरा, म्हणजेच ध्रुवीय प्रकाश. अरोरा ही रोमन लोकांची पहाटेची देवता, आणि शब्दाच्या कुळानं आपल्या उषेची बहीण. पण ही पहाट नॉर्वे, आइसलँड, अलास्का इथली. साधारण ३३ अंश अक्षांशावरच्या हानलेत ती कशी पोहोचली?

सुरुवात सूर्यावर झाली. पृथ्वीच्या व्यासाच्या पंधरापट पसरलेल्या एका डागसमूहातून विद्युतभारित कणांचे प्रचंड ढग एकामागून एक सुटले आणि दोनेक दिवसांत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळले. २००३ नंतर इतक्या वरच्या दर्जाचं चुंबकीय वादळ झालं नव्हतं. अशा वादळांचा हिशेब ठेवणं आपल्याकडे नवं नाही. सप्टेंबर १८५९च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं चुंबकीय क्षेत्रात नोंदवलेली सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घसरण जगभरचे अभ्यासक आजही पुढ्यात घेऊन बसतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हटल्यावर ही मोजणी १९०४मध्ये अलिबागला हलवली गेली.

वादळ मोठं असलं की उत्तर ध्रुवाभोवतीचं प्रकाशाचं कडं दक्षिणेकडे सरकतं. तरी ते हानलेच्या डोक्यावर आलं नव्हतं. ते झळकत होतं हजारो किलोमीटर उत्तरेला. मग दिसलं कसं? उंचीमुळे.

कुंपणापलीकडच्या माडाचा शेंडा दिसतो, बुंधा दिसत नाही. इथे कुंपण आहे पृथ्वीच्या गोलाईचं. अरोराचा हिरवा भाग साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवर पेटतो. तो अकराशे-चौदाशे किलोमीटर दूर गेला की क्षितिजाखाली बुडतो. लाल भाग त्याहून कितीतरी वर, चारशे किलोमीटरपर्यंतही चढतो, आणि तो सव्वादोन हजार किलोमीटरवरूनही डोकं वर काढतो. वेधशाळा स्वतः साडेचार हजार मीटरवर असल्यानं, समोर डोंगर आडवा नसेल, तर आणखी सुमारे २४० किलोमीटर पदरात पडतात. थोडक्यात, हानलेतून दिसला तो शेंडा. हिरवा बुंधा पार पलीकडे, गोलाईआड राहिला.

पण शेंडा लालच का? हिरवा आणि लाल, दोन्ही रंग ऑक्सिजनच्या अणूचेच. धडक बसून ऊर्जा मिळालेला अणू हिरवा प्रकाश सेकंदाच्या आत सोडून मोकळा होतो. लाल प्रकाश सोडायला मात्र त्याला सरासरी जवळजवळ ११० सेकंद लागतात. तेवढ्या वेळात दुसऱ्या कुणाचा धक्का लागला तर ऊर्जा त्या धक्क्यातच जाते आणि प्रकाश निघत नाही. खालच्या दाट हवेत, गर्दीच्या लोकलमध्ये असावं तसं, धक्का चुकवणं अशक्य. दोनशे किलोमीटरच्या वर हवा इतकी विरळ की अणूला पावणेदोन मिनिटांचा एकांत मिळतो. हा लाल रंग त्या एकांताचा.

आणि नेमका तोच आपल्या डोळ्यांना नीट दिसत नाही. अंधारात काम करणाऱ्या दृष्टिपटलावरच्या दंडपेशी लाल रंगाला जवळपास आंधळ्या असतात. शिवाय डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. आला तो क्षण पाहतो आणि सोडून देतो. कॅमेरा साठवतो. म्हणून अशा रात्री डोंगरावर कॅमेरा हाच खरा डोळा.

त्याला तयार करणं म्हटलं तर सोपं. ट्रायपॉड वाऱ्यात हलणार नाही असा रोवायचा. वाइड लेन्स, अॅपर्चर एफ/२.८ किंवा जमेल तेवढं उघडं, आयएसओ ३२०० च्या आसपास, शटर पंधरा सेकंद. त्याहून फार लांबवलं तर पृथ्वीच्या फिरण्यानं ताऱ्यांच्या रेघा उमटू लागतात. खरी कसोटी फोकसची. ऑटोफोकसला अंधारात काही सापडत नाही. एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून, तो सुईच्या टोकाएवढा होईपर्यंत फोकसची रिंग केसभर इकडे, केसभर तिकडे करत राहायचं. जास्तीची बॅटरी स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवायची, कारण गारठली की ती बघताबघता मान टाकते. आणि परतल्यावर कॅमेरा बॅगेतून लगेच काढायचा नाही, नाहीतर खोलीतल्या उबेनं थंड लेन्सवर दव धरतं.

एवढं करून उत्तरेला पाहावं, तर तिथे फक्त राखाडी, पुसटसा पट्टा. ढगच असणार, असं वाटतं. ओळखायची खूण एकच: ढग तारे झाकतो, या पट्ट्यातून ते आरपार दिसतात. शटर दाबायचं आणि थांबायचं. तिकडे सूर्यापासूनची दोन दिवसांची वाट तुडवून आलेल्या ऊर्जेनं जागा झालेला अणू दीड-पावणेदोन मिनिटं थांबून आपला लाल प्रकाशकण सोडतो, आणि तो कण अडीच हजार किलोमीटर कापून सेकंदाच्या शंभराव्या भागात उघड्या लेन्समध्ये शिरतो.

पंधरा सेकंद संपतात. पडद्यावर तांबडं फुटलेलं असतं. मान वर करून पाहावं, तर आकाशात अजूनही तो राखाडी पट्टाच, आणि त्यातून दिसणारे तारे.