हस्तचालित गिअर व इंजिनाची स्वयंचलित गतिजुळणी

हस्तचालित गिअर असलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये वरचा गिअर टाकण्यापेक्षा खालचा गिअर टाकणे अधिक अवघड मानले जाते. ही अडचण दूर करण्यासाठी आलेल्या स्वयंचलित गतिजुळणी यंत्रणेचे कार्य आणि तिच्या मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मोटारीचा वेग तोच ठेवून खालचा गिअर टाकला, तर इंजिनाचे फेरे वाढावे लागतात. निसानच्या ३७०झेड या मोटारीत तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर १.६२४ व दुसऱ्याचे २.३२४ आहे. तिसऱ्या गिअरमध्ये मिनिटाला ४००० फेरे होत असतील, तर त्याच वेगाला दुसऱ्या गिअरमध्ये सुमारे ५७२० फेरे हवेत. प्रत्यक्षात क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनाची गती उलट खाली येते. क्लच सोडताच हा फरक मागच्या चाकांना भरून काढावा लागतो. मोटारीला झटका बसतो; आणि वळणावर, ब्रेक लावलेला असताना असे घडले तर मागची चाके रस्त्यावरील पकड सोडू शकतात. सिंक्रोमेश असताना असे का व्हावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु सिंक्रोमेश गिअरबॉक्सच्या आतील दंतचक्र व दांडा यांचीच गती जुळवते. इंजिन क्लचच्या पलीकडे असते व तेथवर तिचा हात पोहोचत नाही.

कसलेले चालक यासाठी उजव्या पायाचा पुढचा भाग ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या कडेने वा टाचेने अ‍ॅक्सिलरेटरला क्षणभर टोला देतात. ही क्रिया साधण्यास बराच सराव लागतो. ती फसली तर ब्रेकवरील दाबही कमीजास्त होतो, आणि धोका खरा तेथेच आहे.

२००८ च्या लॉस एंजेलिस मोटार प्रदर्शनात सादर झालेल्या ३७०झेडने ‘सिंक्रोरेव्ह मॅच’ या नावाने हे काम संगणकाकडे सोपवले. क्लचचे पेडल दाबले आहे काय, गिअरचा दांडा कोणत्या खाचेकडे जात आहे व मोटारीचा वेग किती, हे सेन्सर कळवतात. त्यावरून आवश्यक फेरे काढून इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल तेवढाच उघडला जातो. थ्रॉटल केवळ तारेने पेडलला बांधलेला होता, तोवर हे सहजशक्य नव्हते.

चालकाने करावयाचे थोडेच उरते. दांड्याजवळील बटण दाबून यंत्रणा सुरू करावी, ब्रेकवरील दाब स्थिर ठेवावा, क्लच पूर्ण दाबून दांडा निःसंदिग्धपणे पुढच्या खाचेत न्यावा आणि इंजिनाचा आवाज चढला की क्लच सोडावा. जुन्या सवयीने स्वतःही टोला देणाऱ्याने यंत्रणा बंद ठेवणे बरे. २०१४ च्या कॉर्व्हेट स्टिंगरेमध्ये ती सुरू वा बंद करण्यासाठी सुकाणूमागील पाती वापरली आहेत; ज्या पात्यांनी स्वयंचलित मोटारीत गिअर बदलतात, त्यांना हस्तचालित मोटारीत मिळालेले हे काम काहीसे गमतीचेच आहे.

मात्र गिअर कोणता टाकावा, हे यंत्रणा ठरवत नाही. पाचव्या गिअरमध्ये (गुणोत्तर १.०००) ५००० फेऱ्यांवर असताना चौथ्याऐवजी चुकून दुसरा पडला, तर इंजिनाला सुमारे ११,६०० फेरे घ्यावे लागतील. त्याची मर्यादा ७५०० आहे. अशा वेळी इंधन तोडूनही उपयोग नसतो, कारण इंजिनाला इंधन नव्हे, तर चाके फिरवत असतात. झडपा व पिस्टन यांचे नुकसान त्यातूनच संभवते.

या यंत्रणेमुळे चालकाचे कौशल्य लोपते, हा आक्षेप अंशतः रास्त आहे. केवळ तिच्यावर शिकलेला चालक ती नसलेल्या मोटारीत अडखळेल. तथापि वळणाच्या तोंडाशी त्याचे सारे लक्ष ब्रेक व सुकाणू यांवर राहते, हा लाभ त्याहून मोठा वाटतो. क्लच किती अलगद सोडायचा, हे तर अजूनही डाव्या पायाकडेच आहे.