मावा, हुमणी आणि बिबट्या : उसातल्या तीन जीवांचं पिल्लांचं गणित

आष्टा (ता. वाळवा) : कृष्णा-वारणा पट्ट्यातल्या उसात तीन जीव हमखास चर्चेत असतात. पानाखाली लोकरी मावा, मुळाशी हुमणी आणि फडात दडलेला बिबट्या. तिघांची वंश वाढवायची रीत वेगवेगळी आहे. ती समजली तर कुठल्या वेळी काय करायचं आणि पैसा कुठं वाया जातो, हे ध्यानात येतं.

गणित काय आहे?

कुठल्याही जीवाला मिळणारं अन्न आणि ताकद मोजकीच. ती स्वतःच्या वाढीला लावायची, जास्त पिल्लांना लावायची की थोडी पिल्लं सांभाळायला? एका पाण्याच्या पाळीत सगळं रान भिजत नाही, तसंच हे. अमेरिकेतल्या मॅकार्थर आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी १९६७ साली याची दोन टोकं मांडली. भराभर वाढणारे ते 'आर', थोडी पिल्लं जपणारे ते 'के'. बरेच जीव या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी बसतात.

मावा : भराभर वाढ

लोकरी मावा २००२ साली सांगली जिल्ह्यात दिसला आणि बघता बघता राज्यभर पसरला. कारण त्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. ती अंडी न घालता थेट पिल्लंच देते आणि ती पिल्लं काही आठवड्यांत स्वतः वाढीला लागतात. त्यामुळं फवारणीतून थोडा मावा उरला तरी तूट लगेच भरून निघते. उलट जहाल औषधानं मावा खाणारी डिफाची अळी आणि मायक्रोमस हे मित्रकीटक मरतात. पानावर ते दिसत असतील तर फवारणीची घाई करू नये.

हुमणी : वर्षातून एकदाच

हुमणीची वर्षाला एकच पिढी. वळवाचा पाऊस झाला की भुंगेरे तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुलिंब-बाभळीवर पाला खातात, तिथंच मिलन होतं. मग मादी जमिनीत साधारण ५० ते ६० अंडी घालते. पुढं अळी कित्येक महिने मुळं खाते. ऊस पिवळा पडतो तेव्हा अळी मोठी झालेली असते आणि औषध नीट लागू पडत नाही.

म्हणून खरी संधी मे-जूनमध्ये. रात्री झाडाच्या फांद्या हलवून पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत, प्रकाश सापळे लावावेत. अंडी घालण्याआधी एक मादी मेली की ५०-६० अळ्या कमी झाल्या. पण हे एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या रानातले भुंगेरे उडून येतात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावं. नदीकाठाला हुमणीची दुसरी जातही आढळते, त्यामुळं आपल्या रानात कुठली आहे ते कृषी सहायकाला दाखवून घ्यावं.

बिबट्या : थोडी पिल्लं, लांब सांभाळ

बिबट्याची मादी एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं देते आणि वर्ष-दीड वर्ष जवळ ठेवते. पिल्लं गेली तर तिची सगळी मेहनत गेली, म्हणून ती त्यांच्यासाठी जीवावर उदार होते. आडोसा म्हणून ती उसातच विते आणि तोडणीवेळी पिल्लं सापडतात. अशा वेळी त्यांना उचलू नये, फोटोसाठी गर्दी करू नये. तोड थांबवून माणसं बाजूला घ्यावीत आणि वन विभागाला कळवावं. पिल्लं होती तिथंच राहिली तर आई बहुतेक वेळा रात्री येऊन घेऊन जाते. ती हलवली तर आई शोधत भोवती फिरते आणि धोका वाढतो.

तणांनाही हेच लागू

गाजर गवताचं एक झाड हजारो बिया टाकतं, म्हणून ते फुलायच्या आत उपटावं. लव्हाळा जोर धरतो तो जमिनीतल्या गाठींवर. वरून कितीही खुरपला तरी गाठी राहिल्या की पुन्हा फुटतो, त्यामुळं गाठी वेचून रानाबाहेर काढाव्या लागतात.