निर्धूर चूल बसविण्यापूर्वी छप्पर पाहावे

1980 च्या दशकात केंद्र शासनाच्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमातून देशभर लक्षावधी निर्धूर चुली बांधल्या गेल्या. त्यांपैकी बऱ्याच पुढे वापरातून गेल्या. दोष सहसा चुलीच्या घडणीला दिला जातो. परंतु चूल चांगली असूनही केवळ जागा चुकल्याने धूर घरातच कोंडतो, असेही घडते.

जुनी चूल मोडून तिच्याच जागी नवी बांधण्याकडे घरमालकाचा व गवंड्याचा कल असतो. पाणी, ओटा, भांड्यांची फळी तेथेच असल्याने तो स्वाभाविकही आहे. मात्र जुन्या चुलीला धुराडे नव्हते. धुराड्याच्या चुलीची जागा आधी छपरात शोधावी लागते. नळी आढे व वासे टाळून जेथून सरळ वर जाऊ शकेल, त्याच्या खाली चूल यावी. नळीला दिलेले प्रत्येक वळण धुराची ओढ कमी करते आणि तेथे काजळी साठते.

नळीचे तोंड आढ्यापेक्षा सुमारे 60 सेंमी उंच असावे. वारा आढे ओलांडून पलीकडच्या उतारावर खाली वळतो. तोंड आढ्याखाली राहिले तर तोच वारा धूर परत चुलीत लोटतो. म्हणून वळचणीपेक्षा आढ्याजवळची जागा बरी. पावसासाठी बसविलेली टोपी तोंडाला चिकटलेली नसावी.

गवताच्या छपरात अधिक दक्षता हवी. नळीभोवती किमान 30 सेंमी गवत व बांबू काढून तेथे पत्रा बसवावा आणि ती मोकळी जागा पुन्हा गवताने भरू नये. ओल्या सरपणाने काजळी लवकर धरते. ती नळीतच पेटली, तर तापलेली नळी छपराला आग लावण्यास पुरेशी असते. त्यामुळे महिन्यातून एकदा नळी झाडावी. ॲस्बेस्टॉस सिमेंटची जुनी नळी मात्र कापू वा फोडू नये. तिची तंतुमय धूळ फुप्फुसांस घातक आहे.

चुलीमागे विटांची किंवा मातीची भिंत असावी. कूड असल्यास चूल त्यापासून दूर ठेवावी. दारासमोर चूल नको, कारण वाऱ्याच्या झोताने ज्वाळा बाहेर येते आणि रांगत्या मुलाचा मार्गही तोच असतो. सरपणाची रास व धान्याची पोती हातभर नव्हे, चांगली दूर असावीत.

धुराडे असले तरी खिडकी बुजवू नये. जळणाला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड वायू वाढतो; त्याला रंग नाही, वासही नाही. काश्मीर व लडाखमधील बुखारीलाही हेच लागू पडते. थंडीमुळे खोली गच्च बंद करून रात्रभर बुखारी धुमसत ठेवणे जिवावर बेतू शकते. निखाऱ्यांची शेगडी निजण्याच्या खोलीत नेणेही तितकेच धोक्याचे आहे.

चूल पक्की करण्यापूर्वी विटा नुसत्या चिखलात रचून व नळी तात्पुरती उभी करून एक वेळचा स्वयंपाक करावा. दार प्रथम उघडे, मग लोटलेले ठेवून पाहावे. धूर कोठून परततो, हे रोज तेथे बसणाऱ्या गृहिणीला सर्वांत आधी जाणवते. तिने जागा नाकारली, तर गिलावा करण्यापूर्वीच विटा हलवाव्यात.