बेट कुठं संपतं?

राहुरीच्या माणसाला बेट म्हटलं की मुळा धरण आठवतं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडितातली टेकाडं एकेक करून डोकं वर काढतात. सव्वीस टीएमसीचं धरण भरलं, की ती कुठं दडलीत हे जाळी टाकणाऱ्यांनाच ठाऊक. मुंबईच्या बंदरात शिडाच्या होडीवर दोऱ्या ओढायला उभा राहिलो, तेव्हा माझ्या गाठीशी एवढंच ज्ञान होतं.

शर्यत आपापसातली, चार होड्यांची. घारापुरीच्या दिशेनं जायचं, बेटाच्या बऱ्याच अलीकडे टाकलेला बोया उजव्या हाताला ठेवून वळायचं आणि परतायचं.

"काका, बोया कशाला? बेटालाच वळसा घालू की."

सुकाणूवरच्या काकांनी हनुवटीनंच दाखवलं. "तो धक्का बघ. एवढा लांब कशाला बांधलाय? पोरांना झुकझुक गाडीत बसवायला?"

ओहोटीला त्या बाजूला चिखल उघडा पडतो, म्हणून धक्काच पाण्यात पुढे आणावा लागला. उधाणाला इथं भरती-ओहोटीत पाच मीटरपर्यंत फरक पडतो. बेटाची कड सकाळी एक, दुपारी दुसरी. शर्यतीच्या नियमांत बोयाभोवतीचं अंतर मोजून दिलंय: होडीच्या तीन लांब्या. आमची होडी बावीस फुटी, म्हणजे सहासष्ट फूट. त्या कक्षेत शिरताना आतल्या बाजूला दुसरी होडी असेल, तर तिला वळायला जागा द्यायचीच. बेटापासून किती लांब राहायचं, याला मात्र असा आकडा नाही. तो ज्याच्या हाती सुकाणू, त्यानं ठरवायचा.

खुल्या समुद्रात तर नुसती खोली पाहूनही भागत नाही. १४ एप्रिल २०१२ ला सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या फॅरलॉन बेटांना वळसा घालणाऱ्या शर्यतीत एका होडीनं उथळावरून वळण घेतलं. होडी टेकली नव्हती, खाली पाणी पुष्कळ होतं. पण लाट तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोलीवर फुटते, आणि मोठी लाट नेमकी तिथं फुटली. आठांपैकी पाच जण गेले. बेट जवळून कापलं की अंतर वाचतं, हा मोह तिथंही असणारच.

आमचा मोह बोयापुरता होता. मागची होडी टेकायला आलेली, त्यामुळे काकांनी वळण आवळलं. ओहोटीनं आम्हाला हळूच दक्षिणेकडे सारलं, बोया त्याच बाजूला. शीड धाडकन या अंगाचं त्या अंगाला गेलं, मी डोकं वाचवलं, आणि होडीच्या कुशीला बोया घासल्याचा रबरी आवाज आला.

कुणी पाहिलं नव्हतं. पंच तर मागे, सुरुवातीच्या रेषेवर. काका म्हणाले, "गिरकी." बोया शिवला की बाजूला होऊन एक पूर्ण गिरकी घ्यायची, आपणहून. आम्ही ती घेतली. तेवढ्यात मागचे दोघं पुढे गेले, आणि फिरताना मला दिसलं, धक्क्याच्या खांबांवर पाणी कालव्यांच्या पांढऱ्या पट्ट्याखाली उतरलं होतं.