बरोबरीची कोंडी घड्याळ कशी फोडतं?

दोन तगडे बुद्धिबळपटू भिडले की डाव बरोबरीत सुटतो, यात नवल नाही. पण बाद फेरीत कुणीतरी घरी जायलाच हवं. गोव्यातल्या हडफड्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये विश्वचषक रंगला, तेव्हा तोडगा होता घड्याळाचा. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले, की १५ मिनिटांचे दोन. तरी कोंडी राहिली तर १०, ५, ३. पट तोच, सोंगट्या त्याच.

मग निकाल लागतो कसा? तांदूळ निवडताना घाई झाली की खडा नजरेतून सुटतो, तसंच. भरपूर वेळ असला की दोघेही चुका गाळतात. वेळ आटला, की चुका दोघांच्याही वाढतात, पण एकाच क्षणी नाही, आणि तेवढी फट पुरते. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बातुमीत कोनेरू हम्पीला अशाच जलद डावात हरवून महिला विश्वचषक जिंकला. हडफड्यातला अंतिम सामनाही जावोखिर सिंदारोवने तसाच जिंकला.

हा शुद्ध नशिबाचा खेळ होऊ नये म्हणून प्रत्येक चालीला काही सेकंद वाढवून मिळतात. नाणेफेकीपेक्षा हे कितीतरी न्याय्य!