दहा हजार पावलांचं ॲप

जेवणं आटोपल्यावर काही जण हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालतात. फोनवर ९,४०० पावलं झालेली असतात आणि १०,००० पुरी करायची असतात.

ही पावलं मोजतो फोनमधला ॲक्सेलरोमीटर. चालताना शरीर किंचित वर-खाली होतं. हा चिमुकला सेन्सर ते हेलकावे टिपतो आणि ठरावीक लयीत आलेलेच पावलं म्हणून धरतो.

ॲपची खरी ओढ मात्र पडद्यावरच्या त्या भरत जाणाऱ्या वर्तुळाची. व्यायामाचा गुण यायला महिने लागतात, मेंदूला पोच आत्ताच हवी असते. शिवाय मुक्काम दिसू लागला की पाय झपाझप पडतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ क्लार्क हल यांनी १९३२ साली उंदरांबाबत हेच मांडलं: खाणं जवळ येईल तसा त्यांचा वेग वाढतो.

१०,००० हा आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही. १९६५ मध्ये जपानात विक्रीला आलेल्या एका पेडोमीटरमुळे, म्हणजे पावलं मोजणाऱ्या यंत्रामुळे, तो रूढ झाला. वयस्कर अमेरिकन स्त्रियांच्या २०१९ मधल्या अभ्यासात साधारण ४,४०० पावलांनीही मृत्यूचा धोका घटलेला दिसला. ७,५०० नंतर फायदा वाढेनासा झाला. ॲपमधलं लक्ष्य बदलता येतं. घरातल्या आजीच्या फोनवर ते जरूर कमी करून द्या.