कादंबरी संपल्यावर

‘आता काय वाचू?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. विचारणाऱ्यानं दोन-चार दिवसांपूर्वी एखादी मोठी कादंबरी संपवलेली असते. तिच्यात तो इतका बुडालेला असतो की नवं पुस्तक उघडलं तरी चार पानांपलीकडे जाववत नाही. कवीला हे का विचारतात, कोण जाणे! कवीला रिकामा वेळ फार, असा लोकांचा समज असावा.

पूर्वी माझ्याकडे उत्तरं तयार असायची. ‘मृत्युंजय’ संपली? मग ‘राधेय’ घ्या. ‘कोसला’ संपली? मग ‘बिढार’ घ्या. औषधाच्या दुकानात एक गोळी नसली की दुकानदार त्याच गुणाची दुसरी काढून देतो ना, तसा हा प्रकार. पुस्तकांच्या बाबतीत हा उपाय बहुतेक वेळा लागू पडत नाही. मला हे फार उशिरा कळलं, आणि त्याची किंमत माझ्या आपाला मोजावी लागली.

गोष्ट १९८४ सालची. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आम्ही राहायचो. अब्बा दुसऱ्याचं रान वाट्यानं करायचे. घरात बोलणं दखनी, शाळा मराठी. आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवीनंतर तिची शाळा सुटली आणि ती शिलाई मशीनवर बसली. पण वाचायची हौस काही सुटली नाही. वाचनालयात तिला जाता येत नसे. कार्ड माझ्या नावावर होतं. मी पुस्तकं आणायचो आणि ती वाचायची. त्या पावसाळ्यात मी शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ आणली. आठ दिवसांची मुदत तीनदा वाढवून घ्यावी लागली. दिवसा मशीन आणि रात्री कर्ण, असं चाललं होतं. एकदा तर एका ब्लाउजच्या दोन्ही बाह्या तिनं एकाच बाजूच्या शिवल्या. पुस्तक संपलं तेव्हा मला म्हणाली, ‘अबी कुछ नको लाव रे. उसकाच बोलना कान में है.’

मी चौदा वर्षांचा. मला वाटलं, हिला कर्ण आवडलाय, तर आणखी कर्ण आणू. दुसऱ्याच दिवशी रणजित देसाईंची ‘राधेय’ घेऊन आलो. तिनं वीस-पंचवीस पानं वाचली आणि पुस्तक पालथं ठेवलं. ‘ये वो नै,’ एवढंच म्हणाली. मग मी आणखी एक पौराणिक कादंबरी आणली, मग आणखी एक. ती पानं चाळायची आणि परत द्यायची. दिवाळीपर्यंत तिनं पुस्तक मागणंच बंद केलं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नंतर वीसेक वर्षं आपानं पुस्तक हातात धरलं नाही. संसार होता, मुलं होती, सासरी वाचणारं कुणी नव्हतं. सगळा दोष माझ्या निवडीवर टाकता येणार नाही. पण सवय तुटली ती त्याच पावसाळ्यात.

यात ‘राधेय’चा काहीच गुन्हा नव्हता. ती १९७३ सालची, ‘मृत्युंजय’ १९६७ सालची. नायक एकच असला तरी लेखकाचा आवाज वेगळा. ‘मृत्युंजय’मध्ये कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण हे सगळे ‘मी’ म्हणून आपल्याशी बोलतात. शेकडो पानं हे आवाज कानात वाजत राहिले की ते आपल्या घरातले होतात. त्यावर लगेच दुसऱ्या कुणी कर्णाच्या तोंडून बोलू लागलं, तर तो तोतया वाटतो. चांगल्या पुस्तकावर असा अन्याय आपण सहज करून जातो आणि ‘काही दम नाही’ म्हणून मोकळे होतो.

पुढे मी मुशायऱ्यांना जाऊ लागलो, तेव्हा या गोष्टीचा उलगडा झाला. मुशायऱ्यात निजामत करणारा, म्हणजे आपल्याकडचा सूत्रसंचालक, कुणानंतर कुणाला बोलवायचं ते ठरवतो. एखादा शायर मैफल लुटून जागेवर बसला की नाझिमची खरी कसोटी लागते. त्याच रंगाचा दुसरा शायर त्यानं लगेच उभा केला, तर त्याचे चांगले शेरही जमिनीवर पडतात. जाणता नाझिम काय करतो? मध्ये दोन-चार मिनिटं काहीबाही बोलतो, एखादा किस्सा सांगतो, लोकांना जरा मांडी बदलू देतो. मग हजल म्हणणारा विनोदी शायर बोलावतो, किंवा तरन्नुममध्ये गाणारा. कान धुऊन निघाले की मग गंभीर शायराची पाळी. मी स्वतः एकदा अशा मैफल लुटणाऱ्याच्या पाठोपाठ उभा राहिलो आहे. त्या रात्री माझ्या गझलेला जो काही आवाज मिळाला, तो चहावाल्याच्या कपबशांचा होता.

अब्बा हेच शेतीच्या भाषेत सांगायचे. उसामागं ऊस घेत गेलं की रान थकतं; मध्ये हरभरा केला की बेवड चांगला पडतो. कादंबरीमागं कादंबरी घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

म्हणून हल्ली कुणी ‘आता काय वाचू?’ म्हटलं की मीच उलट विचारतो, ‘त्या पुस्तकातलं नेमकं काय सुटत नाहीये?’ या प्रश्नाला लोक सहसा ‘सगळंच’ म्हणतात. जरा रेटून विचारलं की धागा हाती लागतो.

कुणाला मुलूख सुटत नसतो. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचून माणसं त्या धनगरांच्या वाडीतच राहून जातात. अशा वेळी त्याच लेखकाकडे परत गेलं तर चालतं; मात्र दुसऱ्या कादंबरीकडे जाऊ नये, ‘माणदेशी माणसं’ घ्यावं. ती ‘बनगरवाडी’च्या आधीची, १९४९ सालची व्यक्तिचित्रं आहेत. मुलूख तोच, पण एका बैठकीत एक माणूस भेटतो आणि निरोप घेतो. कुणाला लेखकच सुटत नाही. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही १९३९ सालची छोटीशी कादंबरी. युरोपातून परतणारं जहाज, त्यावर चक्रधर आणि हॅर्टा. ती संपवून जीव कासावीस झालेल्या एका तरुणाला मी बेडेकरांचं आत्मचरित्र दिलं होतं, ‘एक झाड आणि दोन पक्षी’. हे लिहिणारा माणूस कोण, हा त्याचा प्रश्न होता आणि उत्तर त्या पुस्तकात होतं.

भाषा सुटत नसेल तर मात्र अवघड. ‘कोसला’ वाचून पांडुरंग सांगवीकरासारखं ‘वगैरे वगैरे’ बोलणारी मुलं मी वसतिगृहात पाहिली आहेत, त्यांच्यातलाच एक मी होतो. कानात एक गद्य इतकं भिनलं असेल तर त्यावर दुसरं गद्य चढत नाही. तिथं कविता लागते. बहिणाबाईंच्या कविता घ्याव्यात, रोज एक, मोठ्यानं म्हणाव्यात. पंधरा दिवसांत कान पुन्हा जागेवर येतो. यात माझा धंद्याचा स्वार्थ आहे, हे कबूल. पण कवितासंग्रह लहान असतो, तो वाचून संपवण्याची सक्ती नसते, आणि त्यातली कुठलीही व्यक्ती मरत नाही, हाही फायदाच.

आणि काही वेळा काहीच वाचू नये. हमीद दलवाईंची ‘इंधन’ मी बी.ए.ला असताना वाचली. कोकणातलं गाव, बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला निवेदक, आणि डोळ्यांदेखत पेटत जाणारा हिंदू-मुसलमानांतला ताण. ते गाव मला परकं नव्हतं. त्यातली वाक्यं मी आमच्या मोहल्ल्यात ऐकली होती आणि वर्गातही ऐकली होती. पुस्तक मिटल्यावर दीड महिना मी वाचनालयाची पायरी चढलो नाही. मित्रांना वाटलं, हा आजारी आहे. त्या दीड महिन्यात मी माझी पहिली धड कविता लिहिली. तेव्हा कुणी प्रेमानं माझ्या हातात दुसरी कादंबरी ठेवली असती, तर बहुधा ती कविता झाली नसती.

सगळ्यात अवघड तो, ज्याच्या मनात कादंबरीनं प्रश्न ठेवलेला असतो. त्याला दुसरी गोष्ट नको असते, त्याला वाद घालायला कुणी तरी हवं असतं. आपाचं तसंच होतं. मी ते विचारलं २००७ साली, तिच्या मुलीच्या लग्नात, मांडवात भांडी मोजता मोजता. ‘आपा, तेव्हा त्या कर्णातलं काय सुटत नव्हतं गं?’ तिला आठवावंही लागलं नाही. म्हणाली, इतका दिलदार माणूस, दारी आलेल्याला कवचकुंडलं काढून देणारा, मग भर सभेत द्रौपदीला तसं कसं बोलला? तेवीस वर्षं तो प्रश्न तिच्यापाशी पडून होता आणि मी तिला एकामागून एक पौराणिक कादंबऱ्या आणून देत होतो.

तिच्या प्रश्नाचं पुस्तक वाचनालयात तेव्हाही होतं. इरावती कर्वे यांचं ‘युगांत’, ‘मृत्युंजय’ आली त्याच १९६७ सालचं. एकाच वर्षी मराठीत कर्णाची अशी दोन रूपं छापली गेली. सावंत कर्णाला आतून बोलतं करतात. इरावतीबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, त्या महाभारतातल्या एकेका व्यक्तीला समोर बसवून तिचा जमाखर्च मांडतात. कर्णालाही त्या द्यूतसभेतल्या वागण्याबद्दल सूट देत नाहीत. एकानं लळा लावावा आणि दुसऱ्यानं उलटतपासणी घ्यावी, अशी ही जोडी. ज्यांना याहून पुढे जायचंय त्यांच्यासाठी भैरप्पांची ‘पर्व’ आहे, उमा कुलकर्णींनी कन्नडमधून मराठीत आणलेली. तिच्यात देव नाहीत, चमत्कार नाहीत, थकलेली, म्हातारी होत चाललेली माणसं आहेत. पण ती मोठी कादंबरी आहे. ‘मृत्युंजय’नंतर लगेच नको, मध्ये काही महिने जाऊ द्यावेत.

लग्नाचं घर निवल्यावर मी आपाला ‘युगांत’ पाठवलं, कर्णाच्या लेखात खूण घालून. सातवी शिकलेल्या, वाचन सुटलेल्या बाईला ते झेपेल का, ही धाकधूक होती. तीन आठवड्यांनी फोन आला. ‘ये बाई ने कर्ण को छोड्या नै रे!’ आवाजात राग होता. अर्धा तास ती इरावतीबाईंशी भांडली. मग तिनंच त्यांची बाजूही मांडली. मध्येच जावयाची चौकशी झाली, परत कर्णावर आली. फोन ठेवताना म्हणाली, ‘इस बाई का दुसरा कुछ है क्या?’

होतं. ‘परिपूर्ती’ माझ्या कपाटातच होतं. पण मी ते लगेच पाठवलं नाही. पंधरा दिवस थांबलो आणि मग एस.टी.च्या पार्सलनं रवाना केलं.